हँड ब्लेंडर, तेरा महिन्यांनंतर

हे परीक्षण मी वस्तू घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो होतो. तेव्हा लिहिलं नाही ते बरंच झालं. त्या दिवशी पाचपैकी पाच दिले असते आणि नवव्या महिन्यात एक दिला असता. आता राग उतरलाय, तेव्हा साडेतीन.

कंपनीचं नाव देत नाही. एक तर पुढे थोडी तक्रार येणार आहे. शिवाय मला जे सांगायचंय ते या एका नगापेक्षा या जातीच्या यंत्राबद्दल जास्त आहे: लांब दांडा, खाली पातं, वर मोटर, आणि सरळ पातेल्यात बुडवायचं.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरलो तो काही हौसेनं नाही. सौ.चा उजवा खांदा आखडला आणि त्याच महिन्यात आईच्या कवळीचे दोन तुकडे झाले. आई ८६ वर्षांची. हिरडीला जखम झालेली, त्यामुळे नवी कवळी मिळायला सात आठवडे लागणार होते. तोवर फक्त पातळ. पहिल्या संध्याकाळी मी पेज केली. आईनं वाटी दोन बोटांनी पुढे सरकवली आणि म्हणाली, "पेज आजारी माणसाला देतात. मी आजारी नाहीये. माझे दात मोडलेत."

टोमॅटोचं सार, कढी, कटाची आमटी, ताकातला पालक गाळून, असं आपलं घरचं पातळ एका आठवड्यात संपलं. मग विचार केला, दात पडलेली माणसं काय फक्त माळव्यातच आहेत? जगभरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी कुणी ना कुणी काहीतरी शिजवतच असणार. तिथून सूपांचं खूळ डोक्यात शिरलं. लॅबमधली सवय म्हणून एक वही केली आणि प्रत्येक प्रयोगाचं वजन, वेळ, निकाल लिहीत गेलो. खालचे आकडे त्या वहीतले.

पहिला प्रयोग नेहमीच्या मिक्सरच्या भांड्यात झाला आणि स्वयंपाकघराचं छत केशरी झालं. रसायनशास्त्राच्या खोलीत आयुष्य घालवलेल्या माणसानं उकळतं टोमॅटो बंद भांड्यात फिरवावं, याची लाज वाटते. पातं फिरलं की गरम पातळ एकदम सगळीकडे उसळतं, वाफ एका क्षणात सुटते, झाकणाला जागा उरत नाही. हात भाजला नाही हे नशीब. सौ. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "अहो, निदान खाली तरी बघा, मांजर कुठंय."

दुसऱ्या दिवशी महाराणी रोड. दुकानदारानं विचारलं, "भिया, लस्सी-छाछ के लिए चाहिए?" मी म्हटलं, सूप के लिए. त्यानं आवाज खाली आणला. "कोई बीमार है क्या घर में?" आई बरोबर नव्हती म्हणून बरं.

त्यानं तीन दाखवले. सगळ्यात स्वस्ताचा दांडा प्लास्टिकचा होता. तो घेऊ नका. ताकाला ठीक आहे, पण उकळत्या आमटीत प्लास्टिक घालायचं म्हणजे मन खातं, आणि हळद एकदा लागली की पिवळेपणा जन्मभराचा. मी स्टीलच्या दांड्याचा घेतला: ३०० वॉट, दोन वेग, १,८५० रुपये. बरोबर एक मापाचा प्लास्टिक ग्लास, एक फेटणी आणि एक छोटं चिरण्याचं भांडं.

दोष पहिल्या दिवशीच कळला. वायर जेमतेम सव्वा मीटर. आमच्या ओट्याचा प्लग फ्रिजच्या बाजूला आणि शेगडी दुसऱ्या टोकाला. म्हणजे उकळतं पातेलं उचलून प्लगपाशी न्यायचं. मग 'पातेल्यातच फिरवा, उचलापाचल नको' या जाहिरातीला काय अर्थ राहिला? शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून शेगडीजवळ नवा पॉइंट काढला, त्याचे साडेतीनशे. विकत घेण्याआधी ओटा मोजा. यंत्राची खरी किंमत माझ्या हिशेबानं २,२०० होते.

या यंत्राचं मूळ स्वित्झर्लंडमधलं. १९५० साली तिथल्या रोजे पेरिनझाके नावाच्या माणसानं त्याचं पेटंट घेतलं आणि ते 'बॅमिक्स' नावानं बाजारात आलं. घुसळणं आणि मिसळणं या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांची ती जोडणी. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रवीच की. दोरीऐवजी वायर."

आता जिथे यंत्र जिंकतं तिथून सुरुवात. तुर्कस्तानचं मसुरीचं सूप, मर्जिमेक चोर्बासी. एक वाटी लाल मसूर डाळ, एक कांदा, एक गाजर, टोमॅटोची घट्ट पेस्ट एक मोठा चमचा, जिरेपूड, सहा वाट्या पाणी. डाळ विरघळेपर्यंत शिजवायची आणि ब्लेंडर ४० सेकंद. माझ्या वहीत या पानावर लाल शाईनं चौकट आहे. रवीनं घोटलेल्या वरणात डाळ आणि पाणी थोड्या वेळानं वेगळी होतात, वर पाणी, खाली गाळ. इथे तसं होत नाही, तासाभरानंही एकजीव. वरून लोण्यात सुका पुदिना आणि लाल तिखट परतून ओतायचं, ताटात लिंबाची फोड. पुदिना मी गच्चीवर सावलीत वाळवतो. विकतच्या डबीतल्याला वासच नसतो. वरून फोडणी देण्याची ही रीत त्यांची आणि आपली इतकी सारखी की आई पहिल्या घोटालाच थांबली. "हे मसुरीचं वरणच आहे," ती म्हणाली, "पण चांगल्या घरी दिलंय."

सात आठवड्यांत हे सूप अकरा वेळा झालं.

लाल भोपळ्याचं सूपही असंच, तिथेही यंत्र बिनतोड. पण भोपळा पाण्यात उकडू नका. फोडी तेल लावून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजा, मग शिजवा. उकडलेल्या भोपळ्याचं सूप गोड पाण्यासारखं लागतं, कितीही मिरी घाला.

मे महिन्यात स्पेनचं गाझपाचो. अंदालुसियातलं हे थंड सूप काहीही न शिजवता होतं: टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसणाची एक पाकळी (दोन घातल्या तर रात्रभर लसूणच आठवतो), शिळा पाव, व्हिनेगर, मीठ, ऑलिव्ह तेल. टोमॅटो हा मुळात अमेरिका खंडातला. तो युरोपात पोचायच्या आधी तिकडे पाव, लसूण, तेल आणि व्हिनेगर एवढ्यावरच हे भागायचं. आता यंत्राची करामत पाहा. भाज्या फिरवल्यावर रंग लालभडक असतो. मग ब्लेंडर चालू ठेवून तेलाची बारीक धार सोडली की पाहता पाहता तो केशरी होतो. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात अडकतात, प्रकाश विखुरतो, म्हणून. मुलांना हेच इमल्शन मी टेस्टट्यूब हलवून दाखवायचो, पण तेव्हा ते पिता येत नव्हतं. मात्र तेल सगळ्यात शेवटी आणि थोडाच वेळ फिरवा. एकदा दीड मिनिट फिरवलं तर कडसर झालं. ऑलिव्ह तेलाला जास्त मार सोसत नाही. इंदूरच्या लू वाहणाऱ्या दुपारी फ्रिजमधून काढलेला याचा ग्लास म्हणजे पन्ह्याच्या खालोखाल. सौ.चं मत वेगळं आहे. तिच्या मते ही कोशिंबीर मिक्सरमधून काढलीय.

आता हार. मागच्या डिसेंबरात थंडी कडाक्याची होती आणि मी बटाटा आणि लीकचं फ्रेंच सूप करायला घेतलं. फ्रान्समध्ये बटाट्याच्या बऱ्याच पदार्थांना पारमांतिए हे नाव लागतं. अंत्वान पारमांतिए हा अठराव्या शतकातला औषधशास्त्रज्ञ. बटाटा माणसांनी खाण्याजोगा आहे हे फ्रेंचांच्या गळी त्यानं उतरवलं. लीक मिळालं नाही म्हणून कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि एक साधा कांदा घेतला, लोण्यात रंग न बदलता मऊ केला, बटाटे घातले, शिजवले. इथवर उत्तम. मग यंत्राचा मोह. म्हटलं, हॉटेलसारखं रेशमी करू. दोन मिनिटं फिरवलं. चमचा वर उचलला तर पातेल्यातलं सगळं त्याच्या मागोमाग तार धरून वर आलं. दिवाळीत आकाशकंदील चिकटवायला खळ करतात ना, अगदी ती. आईनं चमचा उलटा धरला, पडेना. "यानं माझी जुनी कवळी जोडता येईल," ती म्हणाली.

कारण मला माहीत असायला हवं होतं. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत स्टार्च फुगून बसलेला असतो. पातं पेशी कापतं, स्टार्च बाहेर सांडतो आणि पाण्याशी मिळून चिकट होतो. डाळीला दीडशे फेऱ्या चालतात, बटाट्याला पंधरा नाहीत. नंतर वेळ कमी करत आणला: ३० सेकंद, २०, मग तीन-तीन सेकंदांचे चार झटके. झटक्यांचं बरं झालं, पण त्यात गुठळ्या राहिल्या.

याचं उत्तर मिळालं ते यंत्र बंद पडल्यावर.

नववा महिना. मोटर फिरतेय, पातं हलत नाही. मोटर आणि दांडा जोडणारा एक दातेरी प्लास्टिकचा तुकडा असतो, कपलर म्हणतात त्याला. त्याचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. (घरात दात हा विषय काही संपेना.) वॉरंटी दोन वर्षांची, पण सेवा केंद्रात कळलं की प्लास्टिकचे भाग तिच्यात येत नाहीत. बरं, मग विकत द्या. तुकडा सांगा, आठ दिवसांत येईल. आठाचे १९ दिवस झाले. तीन फेऱ्या, दोनदा 'सर, गाडी निघालीय', आणि शेवटी २४० रुपयांत अंगठ्याच्या नखाएवढा काळा तुकडा. १,८५० च्या वस्तूचा जीव ज्यात अडकलाय तो भाग प्लास्टिकचा, आणि त्यालाच वॉरंटी नाही. दोन तारे इथे गेले. अर्धा नंतर परत दिला, कारण बदलल्यापासून यंत्र बिनतक्रार चालतंय. आणि चूक थोडी माझीही होती: पुस्तिकेत लिहिलंय की सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका, मग मोटरला विश्रांती द्या. मी उकडलेले छोले हुमुससाठी कोरडेच घालून तीन-तीन मिनिटं दाबून धरत होतो.

त्या १९ दिवसांत सौ.नं माळ्यावरून पुरणयंत्र काढायला लावलं. हो, आपलं होळीचं पुरणयंत्र, जाळी आणि हँडलवालं. त्यातून बटाटा-कांद्याचं शिजवलेलं मिश्रण काढलं. खाली जे पडलं ते मऊ, हलकं आणि अजिबात चिकट नाही. कापण्याऐवजी जाळीतून दाबल्यामुळे पेशी एकमेकींपासून सुटतात, फुटत नाहीत. मग वाचताना कळलं की हेच यंत्र फ्रान्समध्येही आहे. जाँ मांतले यानं १९३२ साली भाज्या कुस्करायचं हातानं फिरवायचं 'मुलँ-लेग्यूम' काढलं आणि पुढे त्यातूनच मुलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे पारमांतिएचं सूप तिकडच्या घराघरांतही पुरणयंत्रासारख्या वस्तूतूनच निघत होतं, आणि मी माळ्यावर ती वस्तू ठेवून बाजारातून वीज लागणारी आणली. टोमॅटोही त्यातूनच काढा, सालं आणि बिया आपोआप वर राहतात.

आता ब्लेंडर कपाटातून काढायच्या आधी मी स्वतःला विचारतो, हे सूप फिरवायचं आहे का? निम्म्या वेळा उत्तर नाही असं येतं. युक्रेनचं बोर्श्ट फिरवायचं नाही. बीट, कोबी, गाजर, बटाटा यांचे काप दिसले पाहिजेत. मी एकदा फिरवलं, वर फेटलेलं दही घातलं आणि टूथपेस्टच्या जाहिरातीतला गुलाबी रंग आला. त्यापेक्षा बीट परतताना चमचाभर व्हिनेगर घाला. बिटाचा रंग आम्लात टिकतो, नाहीतर उकळून विटकरी होतो. युक्रेनी बोर्श्टची परंपरा २०२२ च्या जुलैत युनेस्कोनं तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घातली, युद्धाच्या धामधुमीत. एका पातेल्याला त्या यादीत जागा मिळाली हे वाचून मी त्या दिवशी बोर्श्ट जरा सावकाश ढवळलं.

इटलीचं मिनेस्त्रोने: इथे मधला मार्ग. राजमा किंवा चवळी शिजवून तिसरा हिस्सा बाजूला काढायचा, तेवढाच फिरवायचा आणि परत ओतायचा. दाटपणा येतो, बाकी भाज्या आणि पास्ता अख्खे राहतात. मूळ कृतीत पार्मेझान चीजची कड सूपात टाकून उकळतात. शाकाहारी घरांना सांगून ठेवतो, खरं पार्मेझान वासराच्या जठरातल्या, दूध फाडणाऱ्या रेनेटनं बनतं. आम्ही ते घालत नाही, आणि सूपाचं काही अडलं नाही.

फ्रेंच कांद्याच्या सूपाला यंत्र लागतच नाही, लागतो तो वेळ. पाऊण तास कांदा मंद आचेवर. रातातुई या फ्रेंच भाजीतही नको, वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची वेगवेगळी परतून मग टोमॅटोत एकत्र आणायची, फिरवली तर भरतासारखा लगदा होईल, आणि भरत करायचं असेल तर आपलं काय वाईट आहे?

मक्याचं चाउडर मात्र घरात फसलं. अर्धे दाणे फिरवून, अर्धे अख्खे ठेवून, दूध घालून. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण हे इंदूर आहे. पावसाळ्यात कोवळा भुट्टा घरात आला की त्याचा कीस व्हायचा असतो, हिंग-मोहरीच्या फोडणीत, वर खोबरं-कोथिंबीर. आईनं दोन चमचे खाल्ले आणि विचारलं, "आता कीस कशाचा करणार?" ते पान वहीत काट मारून ठेवलंय.

जपानी मिसो सूपही करून पाहिलं, यंत्राशिवाय. मिसो आंबवलेल्या सोयाबीनचं. इंदूरच्या खंडवा रोडला देशाची सोयाबीन संशोधन संस्था आहे, आजूबाजूच्या शेतांत खरिपात सोयाबीनच सोयाबीन, आणि मिसोची डबी मला ऑनलाइन मागवावी लागली. ६०० रुपये. कुणी होतकरू माणूस हे वाचत असेल तर इथे धंद्याला जागा आहे.

साफसफाईचं थोडं. गरम पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून पाच सेकंद फिरवलं की दांडा स्वच्छ. पण मटाराच्या सालांचे दोरे, आलं, शेवग्याच्या शेंगा, सेलेरीचे देठ यांपासून यंत्र लांब ठेवा. रेषे पात्याच्या आसाला असे गुंडाळले जातात की सुरीच्या टोकानं सोडवावे लागतात. आधी प्लग काढा. हे मी अनुभवानं सांगत नाहीये, देवाची कृपा.

मटाराची सालं मी पाण्यात उकळतो. त्याबरोबर कांद्याची वरची टरफलं, गाजराची टोकं, कोथिंबिरीचे देठ. ४० मिनिटं, मग गाळायचं. कोबीची पानं नकोत, गंधकाचा वास येतो. या पाण्यात केलेलं कोणतंही सूप साध्या पाण्यातल्यापेक्षा एक पायरी वर असतं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की उकळलेला चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. देवगुराडियाला ५५० टन ओला कचरा रोज घेऊ शकणारा बायो-सीएनजीचा (कचऱ्यापासून गॅस करायचा) प्रकल्प आहे, त्यात आमचं पावशेर. गाडीवाला पोरगा एकदा म्हणाला, "अंकल, आपका कचरा तो पका हुआ आता है."

बरोबर आलेल्या सामानाबद्दल: फेटणी चांगली, दही आणि अंड्याला. चिरण्याचं भांडं निकामी. कांदा चिरत नाही, चेचतो, आणि दोन कांद्यांच्या वर मावतही नाहीत.

कुणी घ्यावा? घरात म्हातारं माणूस असेल, दाताचं काम चालू असेल, लहान मूल खायला शिकत असेल, तर घ्या, स्टीलच्या दांड्याचा. डाळी, भोपळा, टोमॅटो, पालक, गाझपाचो यांत पैसे वसूल होतात. घेताना दुकानदाराला विचारा, कपलर सुटा मिळतो का, आणि मिळत असेल तर त्याच दिवशी एक जादा घेऊन ठेवा. नुसती बटाट्याची सूपं करायची असतील तर आधी माळ्यावर चढून पाहा.

आईची नवी कवळी केव्हाच आली. पहिल्या दिवशी तिनं कडक भाकरी मागितली आणि ती खाऊन, रात्री मसुरीचं सूप मागितलं. त्यावर तिची स्वतःची भर आहे: चिमूटभर जीरावन (आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) आणि मूठभर बारीक शेव. तुर्की माणसाला दाखवण्यासारखं नाही, पण पावाच्या तळलेल्या तुकड्यांपेक्षा शेव सूपात जास्त वेळ कुरकुरीत राहते, दोन्ही घड्याळ लावून पाहिलंय.

राहिला तो मापाचा ग्लास, ६०० मिलीचा, बाजूला रेघा असलेला. तो दिसतो चांगला, पण मी फारसा वापरलेला नाही. नवी कवळी आली त्याच आठवड्यात आईनं तो मागून घेतला. रात्री तिची कवळी त्यात असते.